रेखाचे बावीस किलो

१२ फेब्रुवारी, सोमवार. रायपूर
आज सुट्टी मिळाली. ऑपरेशनले तीन दिवस झाले. रेखा वॉर्डच्या दारापर्यंत चालत गेली अन् परत आली. एक हात भिंतीले, एक पोटाले. पोटावर पाच छोटे भोकं, बस. दुखते मात्र डावा खांदा. नर्स म्हणाली, ऑपरेशनच्या वेळी आत गॅस भरतात, तो खांद्यात चढते, चालाल तसा उतरेल. मग ही बाई चालतच राहिली. मी खुर्चीत बसून मोजले, अकरा फेऱ्या.

पोटाच्या डॉक्टरनं कागदावर चित्र काढून मले पुन्हा समजावलं. जठराच्या वरच्या भागाले सिलिकॉनची रिंग बसवली आहे. कातडीखाली बटनासारखा पोर्ट. त्याच्यात सुईनं पाणी भरलं की रिंग आवळते, काढलं की सैल होते. वर वाटीएवढं पोट उरते. दोन-चार घासात भरलं पाहिजे.

जठर कापून लहान करायचं ऑपरेशनही होतं. त्यानं वजन लवकर उतरते म्हणे. रेखा नाई म्हणाली. डॉक्टरले म्हणते, "कापायचं एकदाच. ते यांच्यासाठी ठेवलं आहे."

डॉक्टर माझ्याकडे पाहत राहिले. मी कागदाकडे.

१३ फेब्रुवारी, मंगळवार. मरोदा, घरी
डायलिसिसले एकटा गेलो. दोन वर्षांत पहिल्यांदा. मंगळ-गुरु-शनि, चार चार तास, अन् ती बाहेर बाकावर ब्लाऊजले हूक लावत बसलेली असते. आज बाक खाली. टेक्निशियननं विचारलं, "भाभी कहाँ हैं?" मी म्हटलं, घरी आहे, तब्येत बरी नाई. रेखानं सांगून ठेवलं आहे, ऑपरेशनचं कोणाले बोलायचं नाई.

घरी आलो त पलंगावर बसून. "किती काढलं?"
"अडीच लिटर."
"माझ्या पोटात दिवसभरात आठशे मिली गेलं. घोट घोट." जसं काही तिनंच जास्त मेहनत केली. केलीच.

१४ फेब्रुवारी
झोप येत नाई म्हणून डिसेंबरातली गोष्ट लिहून ठेवतो, तेव्हा लिहायची हिंमत झाली नव्हती.

मले किडनी कोण देऊ शकते म्हणून किडनीवाल्या मॅडमनं माझ्या घरच्या सगळ्यांची यादी विचारली. आईबाप नाई. मोठ्या भाऊले शुगर, ते बाद. आमची पोरगी पल्लवी बावीसची, तिनं हात वर केला. रेखानं तो हात धरून खाली केला, भर केबिनमध्ये. "माहा गट ओ पॉझिटिव्ह आहे. माही घ्या."

मॅडमनं वजन पाहिलं. अठ्ठ्याण्णव. उंची पाच फूट एक. शुगर काठावर. म्हणाल्या, अशा वजनात किडनी काढली त तुम्हालेच धोका, मी हात लावणार नाई. शहात्तरच्या खाली या, शुगर खाली आणा, मग तपासू. मले वाटलं, झालं, संपलं. मी उठूनसुद्धा उभा राहिलो.

रेखा बसूनच. "किती दिवसात, मॅडम?"

१९ फेब्रुवारी, सोमवार
वजन ९४.८. पण डॉक्टर म्हणतात हे पहिले किलो पाण्याचे, खूष होऊ नका. ती झाली नाई. मी झालो.

दोन आठवडे फक्त पातळ. गाळलेलं वरण, ताक, दुधाचं पाणी. औषधाच्या बाटलीचं झाकण घेते, तीस मिलीचं. भरते, दोन मिनिटं लावते, पुन्हा भरते. अन् आमच्या जेवणाच्या वेळी आमच्यासोबत बसते. पल्लवी म्हणाली, "मम्मी, तू अंदर बैठ ना, आम्हाले कसंतरी वाटते."
"उद्यापासून सगळ्या जगानं जेवण सोडायचं का माह्यासाठी? बसू दे. सवय करून राहिली."

२ मार्च, शनिवार
शिलाई मशीनवर बसली आज. पंचवीस वर्षं झाले ह्या मशीनले. अर्ध्या सेक्टरच्या बायकांचे ब्लाऊज हिच्याच हातचे. तासाभरानं उठली, घाम आला होता, पण लग्नसराईचं काम घेतलं. डायलिसिसहून आलो त टेबलावर माझं जेवण झाकलेलं. भाजी दोनदा उकळून पाणी फेकलेली, माझं पोटॅशियम वाढू नये म्हणून. तिचं जेवण मिक्सरमधली खिचडी.

पल्लवी: "ये तो बच्चों वाला खाना है."
रेखा: "मंग वाढव मले. मी वाढवलं तुले."

९ मार्च
शेजारच्या साहूबाईनं फरा आणला, डबा भरून. तांदळाचा, वाफवलेला. रेखाचा जीव की प्राण. डबा उघडून वास घेतला, झाकण लावलं. "काकी, बहुत बढ़िया बने हे," त्यांच्याच बोलीत म्हणाली, अन् मले एक वाढला. साहूबाई विचारून राहिल्या, तू कावून खात नाई? उपास आहे, म्हणाली. कोणता ते सांगतलं नाई.

२५ मार्च, होळी
पुरणपोळ्या केल्या. चौदा. मी म्हटलं, करू नोको, त्रास होईल. म्हणते, त्रास खाल्ल्यानं होते, केल्यानं नाई होत.

तिनं सुपारीएवढं पुरण घेतलं. चमच्याच्या टोकानं. डोळे मिटून खाल्लं. एवढ्याशा पुरणाले दहा मिनिटं लागले. मी दोन पोळ्या खाल्ल्या अन् मले काहीच चव आठवत नाई. तिले विचारलं कसं झालं होतं. म्हणाली, "जायफळ कमी पडलं. अन् गूळ यावेळचा खारट आहे. अन् एक इलायची पूर्ण कुटल्या गेली नाई."

४ एप्रिल, गुरुवार
रायपूर. पहिल्यांदा रिंगमध्ये पाणी भरलं. माझं डायलिसिस बुधवारी करून घेतलं. सुई टोचताना तिनं छताकडे पाहिलं नाई, पोटाकडेच पाहिलं. डॉक्टरले विचारलं, "हे किती भरलं? पूर्ण किती मावते?" सगळं वहीत लिहिलं. मापं घ्यायची जी वही आहे, छाती-कंबर-बाही, त्यातच एक पान स्वतःचं.

व., म्हणजे वजन, ९०.१.

११ एप्रिल, गुरुवार
चपाती अडकली. पहिल्यांदाच. एकच घास, चावायले विसरली, कारण फोनवर गिऱ्हाईक होतं. छातीत दगड बसल्यासारखं झालं म्हणे. तोंडात लाळ लाळ. मोरीत जाऊन बसली, मी पाठीवर हात ठेवला त हात झटकला. वीस मिनिटांनी उतरलं. मग बाहेर येऊन फोन लावला अन् त्या बाईले म्हणते, "हां, बाही किती ठेवू ते सांग."

२२ एप्रिल, सोमवार
ऊन सुरू झालं. स्टील प्लांटमध्ये आता मी स्टोअरमध्ये बसतो, क्रेन चालवणं सुटलं ते सुटलं. पंख्याखाली बसूनही जीभ टाळूले चिकटते. मले दिवसाचं पाणी आठशे मिली, औषधासकट. अन् तिले डॉक्टरनं सांगितलं, दिवसभरात दीड-दोन लिटर पोटात गेलंच पाहिजे, घोट घोट करून, नाईतर किडनीवर ताण येते. तीच किडनी जी मले द्यायची आहे.

आज सुट्टी होती. पाहिलं, दर दहा मिनिटांनी ही मागच्या अंगणात जाते. आधी वाटलं कपडे वाळले का पाह्यले जाते. मग मीच गेलो मागं. तुळशीच्या आड उभी, बाटली तोंडाले.

"उन्हात उभी राहून पाणी पितेस?"
"तुमच्यासमोर कसं पिऊ?"

तिले हाताले धरून आत आणलं, पंख्याखाली बसवलं. म्हटलं, इथं पी. माझ्यासमोर पी. मले पाहू दे.

घोट घेतला. मी पाहिलं. खरं सांगतो, तहान लागली. पण राग नाई आला. जसं काही थोडं पाणी माझ्याच आत गेलं.

१२ मे, रविवार. गोंदिया
पुतणीचं लग्न. दुर्गहून सकाळची गाडी. रेखा आता ८७. जुना काठाचा ब्लाऊज दोन्ही बाजूनं आत घेतला. चांगली दिसून राहिली होती, अन् तेच झालं.

पंगतीत सगळ्या बायकांत बसली. ताटात दोन चमचे वरण, थोडी वांग्याची भाजी, भात नाई. मोठी वहिनी वाढायले आली. वाढायचा आग्रह, हिचा नकार. मग वहिनी, सगळ्यांले ऐकू जाईल असं, "हिले फिगर करायची आहे बापा. नवरा मशीनवर अन् ही बारीक होऊन राहिली. कोणासाठी गं?"

दोन-तीन जणी हसल्या. रेखा घास चावत राहिली. वीस वेळा चावायचं असते. खाली पाहून चावत राहिली.

मी पुरुषांच्या पंगतीतून उठलो. म्हटलं, "माझ्यासाठी." वहिनी माझ्याकडे पाहायले लागली. "माझ्यासाठी बारीक होऊन राहिली वहिनी. तिच्या पोटात रिंग बसवली आहे. ऑपरेशन करून. ते वजन उतरल्याशिवाय डॉक्टर तिची किडनी काढत नाई. मले द्यायची आहे तिले."

भाऊ हातातला पेला ठेवून उभे राहिले. वहिनीच्या हातात भाताचं पातेलं तसंच.

गाडीत परत येताना, राजनांदगाव गेल्यावर म्हणाली: "बोलायले नोको होतं. उद्या डॉक्टर नाई म्हणाले त सगळे पल्लवीकडे पाहतील. म्हणून लपवलं होतं."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी म्हटलं, चुकलो.

"चुकलेच." खिडकीबाहेर पाहत होती. दुर्ग यायले लागलं तेव्हा म्हणाली, "पण तुमी कधी इतकं जोरात बोलले नव्हते. पंचवीस वर्षांत."

९ जून, रविवार
गाडीत रेखा म्हणाली होती तेच झालं. पल्लवीनं रक्तगट तपासला, आम्हाले न सांगता. ओ पॉझिटिव्ह. मावशीनं फोन करून डोक्यात भरलं, की आईचं नाई जमलं त तू तयार राहा. टेबलावर कागद ठेवून म्हणते, "पापा, मैं भी दे सकती हूँ. मम्मीले एवढं कायले करावं लागते?"

रेखा मशीनवरून उठली नाई. शिलाई पूर्ण केली, धागा तोडला. मग बोलली.

"तुले नोकरी लागायची आहे. लग्न व्हायचं आहे, मुलं व्हायचे आहेत, नाई झालं त नोको होऊ दे, पण तुझं तू ठरवायचं आहे. माहं झालं सगळं. मले दोन आहेत, एकीनं चालते. आता सांग, कोणाची घ्यायची?"

पल्लवी रडायले लागली. "लेकिन तू खाना नहीं खा पाती."

"खाते ना. हळू खाते. तू लहानपणी किती हळू खायची, दीड तास एका पोळीले. मी काही म्हटलं का?"

रडतानाच हसली पोरगी. मी कागद घडी करून कपाटात ठेवला. फाडायचा होता, फाडला नाई.

३० जून
व. ८४.०. दोन आठवड्यांपासून तेच.

१४ जुलै
व. ८४.१

२१ जुलै
व. ८३.९. पाच आठवडे एकाच जागी. रेखा वजनकाट्यावरून उतरते अन् पुन्हा चढते, जसा काटा चुकला. मागच्या सोमवारी रायपूरले एकटी जाऊन रिंग अजून आवळून आली. मी स्टोअरमध्ये होतो. मी विचारलं, डॉक्टरनं एवढं कावून भरलं. "मीच सांगतलं भरा म्हणून," म्हणे.

२६ जुलै, शुक्रवार. रायपूर
लिहितो.

काल डायलिसिसहून आलो त स्वयंपाकघरात खाली बसलेली. ओठ फाटलेले. मी म्हटलं, काय झालं. म्हणे काही नाई, ॲसिडिटी. पल्लवीनं सांगतलं, तिनं मोरीत ओकारीचा आवाज ऐकला होता, रविवारपासून. घोटभर पाणी आत गेलं की बाहेर. सोमवार, मंगळ, बुध. चार दिवस पाणी ठरत नव्हतं अन् बाई मशीनवर बसून फॉल लावून राहिली.

ताबडतोब गाडी केली. डॉक्टरनं सुई लावून सगळं पाणी काढलं रिंगमधलं. दहा मिनिटांत अर्धा ग्लास पाणी प्यायली अन् ते ठरलं. सलाईन लावलं. डॉक्टर पहिल्यांदा रागावले. रिंग सरकली असती त पुन्हा ऑपरेशन, अन् शरीर इतकं कोरडं पडलं त किडनी बिघडते. "आप किडनी देने आई हैं, बिगाड़ने?"

डॉक्टर गेल्यावर मी विचारलं, सांगतलं कावून नाई.

"पाच आठवडे काटा हलला नाई. वाटलं, त्रास सहन केला त उतरेल. तुमी आठशे मिलीवर दिवस काढता. दोन वर्षांपासून. मी चार दिवस काढले, त काय झालं?"

मी बाहेर व्हरांड्यात गेलो. परत आलो. म्हटलं, ऐक रेखा. तू पुन्हा अशी लपवशील त मी घेणार नाई. सही करणार नाई. मशीनवरच राहीन, जितके दिवस आहेत तितके.

तिनं माझ्याकडे पाहिलं. "घेणार नाई?"
"नाई."
"बरं," म्हणाली. अन् मग सलाईनच्या हातानं माझी बाही ओढून बसवलं शेजारी. "बसा. तुमचं बीपी वाढेल."

३ ऑगस्ट
व. ८६.२. वाढलं, दोन किलोच्या वर. रिंग रिकामी आहे, सहा आठवडे भरायची नाई. आहारवाल्या मॅडमनं वही पाहिली अन् म्हटलं, तुम्ही खाता फार कमी, प्रोटीन तर नाईच, अन् चालणं नाई, म्हणून शरीर काही सोडत नाई. आता अंडं, पनीर, मूग, सोयाबीन. अन् रोज चालायचं. रेखा म्हणे, "म्हणजे पाच आठवडे मी चुकीचा ब्लाऊज शिवून राहिली होती." उसवायचं अन् पुन्हा शिवायचं. तिले त्याचं काही वाटत नाई, रोजचं काम आहे.

५ ऑगस्ट, सोमवार
सकाळी सहा. मरोदा डॅमच्या रस्त्यानं. ती पुढं, मी मागं. माझ्यानं चारशे पावलं होतात मग पुलावर बसतो. ती जाऊन येते. गुडघे दुखतात, वाकडी चालते, पण येते.

१२ ऑगस्ट
पुलावर माझ्यासोबत रोज एक रिटायर्ड फोरमन बसतात. आज म्हणाले, "वो मैडम जो जाती हैं, रोज टाइम से, एकदम शिफ्ट की तरह. कौन हैं?"
म्हटलं, माझी बायको.
बोलताना छाती फुगली, खोटं कायले लिहू.

२ सप्टेंबर, पोळा
वहिनी आल्या, गोंदियाहून, भाऊही सोबत. लग्नानंतर पहिल्यांदा. पिशवीत मोड आलेली मटकी अन् घरची लाखोळीची डाळ. त्या दिवशीचं काही बोलल्या नाई. रेखा जेवायले बसली त समोर येऊन बसल्या. एक अंडं, दोन चमचे उसळ. पूर्ण अर्धा तास लागला. वहिनी तो पूर्ण अर्धा तास पाहत बसल्या.

शेवटी म्हणाल्या, "मी त पाच मिनिटात जेवून उठते वं बाई. मले नाई झालं असतं हे."

रेखानं आपल्या ताटलीतली उसळ पुढे केली. "घ्या, तुमच्याच हातची मटकी आहे." दोघी एका ताटलीत. भाऊ अंगणात माझ्याशी पावसाचं बोलत राहिले, पण त्यांचे डोळे आतच होते.

व. ८१.७, रिंग रिकामी असताना.

१६ सप्टेंबर
रिंग भरली, थोडीच. डॉक्टर म्हणाले, आता गरज कमीच आहे, सवय तुमच्या हातात आली आहे.

३ ऑक्टोबर
ती चालून आली, पुलावर बसली अन् म्हणे, गुडघे दुखले नाई आज. दोघं बसलो. मी आज सहाशे पावलं.

२१ ऑक्टोबर, सोमवार
व. ७५.९.

पल्लवीनं तीनदा काट्यावर उभं केलं. तीनदा तेच. मग पोरगी आईले उचलायले गेली अन् खरंच उचललं, चार बोटं वर. रेखा ओरडत होती, "सोड, पडशील, हर्निया होईल!" मी सोफ्यावर बसून हसत होतो, मग हसताना रडू आलं, मग उगाच चष्मा पुसत बसलो.

साहूबाई धावत आल्या, काय झालं म्हणून. आता त्यांलेही माहीत आहे. त्यांनी रेखाच्या दोन्ही गालांवरून हात फिरवला अन् कानाजवळ बोटं मोडले.

२८ ऑक्टोबर. रायपूर
किडनीवाल्या मॅडम. शुगर नॉर्मल, तीन महिन्यांची सरासरीही. बीपी ठीक. मॅडमनं डिसेंबरचा कागद अन् आजचा शेजारी शेजारी ठेवले. "मी हे बऱ्याच जणांले सांगते. वजन उतरवून या. परत फार थोडे येतात."

रेखा म्हणाली, "मले तुमी तारीख नव्हती दिली, मॅडम. दिली असती त लवकर आली असती."

आता दोन दिवस तपासण्या. रक्त जुळवणं, सीटी स्कॅन, हृदय, सगळं.

११ नोव्हेंबर, सोमवार
रक्त जुळलं. स्कॅनमध्ये एक निघालं, डाव्या किडनीले दोन धमन्या. एक असते साधारण. मॅडम म्हणतात, दोन असल्या त काम अवघड होते पण होत नाई असं नाही; उजवी पाहू, सर्जनसोबत बसून ठरवू. आधी किडनी द्यायले मंजुरी देणाऱ्या समितीची मुलाखत होऊ द्या.

रेखानं विचारलं, "दोन आहे म्हणजे चांगलंच ना? एक जास्त." मॅडम हसल्या. मी नाई हसलो. रस्त्यात मले म्हणते, कायले तोंड लहान करून राहिले, माह्याच पोटातलं आहे, मले नाई भेव.

१३ नोव्हेंबर, बुधवार. रायपूर
समितीची मुलाखत. टेबलामागं चार जण, एक कॅमेरा. आधी मले बोलावलं. नाव, काम, लग्न कधी झालं, मुलं किती. मग एका साहेबांनी विचारलं, पत्नी स्वतःच्या मर्जीनं देऊन राहिली का, कोणी दबाव टाकला का.

मी म्हटलं, नाई.

"त्या कावून देऊन राहिल्या, तुम्हाले काय वाटते?"

क्रेनवर अठ्ठावीस वर्षं काढले, उकळत्या लोखंडाच्या लॅडलवर, त्या भल्या मोठ्या बादलीवर, कधी हात हालला नाई. तिथं बसून शब्द सापडला नाई. एवढंच म्हटलं, "साहेब, मी तिच्या जागी असतो त हे माझ्यानं झालं नसतं. नऊ महिने नसतं झालं. हे मले माहीत आहे, म्हणून मी काय सांगू कावून." लिहून घेतलं त्यांनी काहीतरी.

मग ती आत गेली. दार बंद. मी बाकावर. अर्धा तास झाला. चाळीस मिनिटं.

बाहेर आली. पदर सारखा करत. मी उभा राहिलो. "काय विचारलं?"
"तेच सगळं."
"तू काय सांगतलं?"
"ते माहं अन् त्यांचं." अन् हॉस्पिटलच्या गेटकडे चालायले लागली, आता चालते तशी, ताठ, झपझप. मले मागं पळावं लागलं. गेटबाहेर इडलीच्या ठेल्यापाशी थांबली.

"अजी, भूक लागली."

फेब्रुवारीपासून हा शब्द तिच्या तोंडून ऐकला नव्हता. खायची वेळ झाली म्हणायची, खाल्लं पाहिजे म्हणायची. एक इडली घेतली, चटणी नाई. ठेल्याच्या लाकडी पाटावर बसून खाल्ली, बारीक बारीक तुकडे करून. ठेलेवाला दोनदा पाहून गेला, की इडली खराब आहे का काय. पंचवीस मिनिटं. मी शेजारी उभा, उन्हात, हातात तिची पर्स धरून, अन् सांगतो, ह्या एवढ्या वर्षांत कोणाले जेवताना पाहून मले असं वाटलं नाई.

१४ नोव्हेंबर, गुरुवार
धमन्यांचं सर्जन सोमवारी सांगतील. फोन येईल म्हणे. होकार आला त डिसेंबरात ऑपरेशन, नाई त काय, ते मॅडमनं सांगतलं नाई अन् आम्ही विचारलं नाई.

आज डायलिसिस. रेखा चपला घालून दारात उभी आहे, हाक मारून राहिली. वही बंद करतो.